घरीं लिहिलेल्या तबकड्या

मनुष्याचा आवाज धरून ठेवावा आणि मनांत येईल तेव्हां तो पुन्हां ऐकावा, ही इच्छा फार जुनी आहे. पण ती पुरी होण्यास १८७७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं एडिसननें कथलाच्या पातळ वर्खावर सुईनें ध्वनीची रेघ उमटविली आणि तीच रेघ पुन्हां बोलती केली. पुढें मेणाच्या नळकांड्यांचीं यंत्रें आलीं. त्यांवर मालकाला स्वतःचा आवाजही भरतां येई, आणि तो नकोसा झाल्यास मेणाचा वरचा थर तासून त्या जागीं दुसरा भरतां येई. तबकडीचा ग्रामोफोन आला आणि ही सोय गेली. तबकडी कारखान्यांत छापावयाची आणि घरांत फक्त ऐकावयाची, अशी विभागणी कायम झाली.

ही विभागणी मोडण्याचे प्रयत्न मात्र थांबले नाहींत. १९३० नंतरच्या दोन दशकांत अमेरिकेंत घरच्या घरीं तबकडी कोरण्याचीं यंत्रें विकलीं जात. ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजच्या लाखेचा थर दिलेला असे आणि सुई त्यांत खांचण कोरीत जाई. कोरतांना लाखेचा जो बारीक दोरा निघे, तो सुईभोंवतीं गुंडाळला कीं तबकडी वायां गेलीच म्हणून समजावें. शिवाय हा दोरा झटकन् पेट घेणारा, म्हणून तोही जपून उचलावा लागे. दुसऱ्या महायुद्धांत ॲल्युमिनियमची टंचाई झाली तेव्हां कांचेच्या चकत्या वापरण्यांत आल्या. त्या हातांतून पडल्या कीं सर्वच प्रश्न मिटे. इतकी यातायात असूनही लोकांनीं त्या तबकड्या कोरल्या, सैनिकांचे आवाज त्यांवर भरून घरोघर पाठविले. यंत्र लहरी आहे हें ठाऊक असूनही माणसें त्याच्यावर विसंबतात, कारण जें सांठवावयाचें असतें तें त्यांना यंत्राहून अधिक मोलाचें वाटतें. विसाव्या शतकाच्या अखेरीस घरोघरीं आलेल्या दुसऱ्या एका यंत्राची गोष्टही अशीच आहे.

१९८२ च्या ऑक्टोबर महिन्यांत जपानमध्यें कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी या दोन अक्षरांनीं सर्वांना ठाऊक असलेली तबकडी, विक्रीस आली. तिच्यांत सुईची खरखर नव्हती, वाजवून झिजणें नव्हतें. परंतु ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणें तीही केवळ ऐकावयाची होती. १९८८ मध्यें जपानमधील ताइयो युडेन या कंपनीनें लिहितां येणारी सीडी तयार केली, आणि १९९० मध्यें फिलिप्स व सोनी यांनीं तिच्या रचनेचे नियम प्रसिद्ध केले. आरंभींचीं लेखनयंत्रें फार महाग होतीं. १९९७ मध्यें फिलिप्सनें सामान्य ग्राहकासाठीं घरगुती यंत्र आणलें, इतर कंपन्यांचींही यंत्रें आलीं, आणि सीडी लिहिणारी पेटी मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या आटोक्यांत आली.

अशा एखाद्या कुटुंबाचें चित्र डोळ्यांसमोर आणावें. साल १९९९, अमेरिकेंत स्थायिक झालेलें एक मराठी घर. कपाटांत देशाहून आणलेल्या वीस-पंचवीस कॅसेटी आहेत. कांहींवर नाट्यसंगीत आहे, कांहींवर कीर्तन आहे, आणि दोन कॅसेटींवर आजीच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या आहेत. आजी आतां हयात नाहीं. कॅसेटची फीत जुनी झाली आहे; एखाद्या दिवशीं ती यंत्रांत गुरफटून तुटेल ही धास्ती घरांतील सर्वांना आहे. सीडी अक्षय असते, असें त्यांनीं जाहिरातींत वाचलें आहे. म्हणून घरधनी नवें यंत्र घेऊन येतात, आणि रविवारच्या दुपारीं ओव्या तबकडीवर उतरूं लागतात.

पहिले कांहीं महिने यंत्र गुणी मुलासारखें वागतें. पुढें त्याचें वर्तन बदलतें. बाजारांतून विकत आणलेल्या सीडी तें सुरेख वाजवितें, परंतु कोऱ्या तबकडीवर लिहावयास सांगितलें कीं ‘डिस्क एरर’ अशीं अक्षरें दाखवून स्वस्थ बसतें. एका खोक्यांतील तबकडी तें घेतें आणि दुसऱ्या खोक्यांतील नाकारतें. तासभर लिहून झाल्यावर शेवटच्या दोन मिनिटांत अडतें आणि सारें काम अर्धवट टाकतें. घरांत वाजणारी तबकडी मोटारींत मुकी होते. एक ओवी सलग भरली असतां यंत्र तिचे तीन तुकडे दाखवितें. अशीं यंत्रें बाळगणाऱ्या अनेकांनीं हेच अनुभव घेतले. कोणी यंत्राला चापट्या मारून पाहिल्या, कोणी तीन वेळां दुरुस्तीस धाडलें, कोणी कंटाळून अडगळींत टाकलें. यंत्र लहरी आहे, असा सर्वांचा निकाल पडला. परंतु यंत्राला लहर नसते; त्याच्या प्रत्येक हट्टामागें कांहीं कारण असतें. तें समजण्यास तबकडीवर आवाज लिहिला जातो म्हणजे काय होतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

सीडीवर आवाज रेघेच्या रूपानें नसतो, अंकांच्या रूपानें असतो. प्रत्येक सेकंदाला आवाजाचीं ४४,१०० मोजमापें घेतात आणि तीं तबकडीवर एका सर्पिल मार्गानें मांडतात. हा मार्ग आंतून बाहेर जातो. त्याच्या दोन वळशांमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या केवळ १.६ पट असतें. म्हणून १२ सेंटिमीटर रुंदीच्या, ७४ मिनिटांच्या तबकडींत पांच किलोमीटरहून लांब वाट मावते. कारखान्यांत छापलेल्या तबकडीवर या वाटेंत सूक्ष्म खळगे असतात. घरीं लिहावयाच्या तबकडीवर खळगे नसतात. तिच्या प्लॅस्टिकवर एक कोरी वाट आधींच आंखलेली असते, त्या वाटेवर रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर असतो, त्यावर सोन्याचा किंवा चांदीचा आरसा आणि त्यावर संरक्षक लाखेचा हात. लेसरचा किरण रंगद्रव्याच्या एका बिंदूवर क्षणभर प्रखर होतो, त्या उष्णतेनें तेथील रंगद्रव्य पालटतें, आणि पुढें वाचणाऱ्या किरणाला तो बिंदू खळग्यासारखा मंद दिसतो. कोरणें येथें नाहींच. जें आहे तें डाग पाडणें आहे. आणि एकदां पडलेला डाग पुसतां येत नाहीं.

यावरून पहिलें कोडें उलगडतें. वाचण्यासाठीं लेसरला एक मिलिवॉटहूनही कमी शक्ति पुरते. लिहिण्यासाठीं तिच्या कितीतरी पट शक्ति लागते. लेसरचा स्फटिक वापरानें आणि उष्णतेनें क्षीण होत जातो. भिंगावर धूळ बसली तरी किरण मंदावतो. अशा यंत्राची स्थिति म्हाताऱ्या गवयासारखी होते. गुणगुणणें त्याला साधतें, पण तारसप्तकांतील सूर लावतां येत नाहीं. म्हणून यंत्र वाजवितें परंतु लिहीत नाहीं, आणि मालक मात्र चकित होतो कीं अर्धें यंत्र शहाणें आणि अर्धें वेडें कसें झालें.

लिहिण्यास किती शक्ति लावावी हेंही यंत्राला आधीं ठरवावें लागतें, कारण प्रत्येक कंपनीचें रंगद्रव्य निराळें. त्यासाठीं तबकडीच्या आंतल्या कडेजवळ चांचणीची एक छोटी जागा राखलेली असते. लिहिण्यापूर्वीं यंत्र तेथें कमीअधिक शक्तीचे डाग पाडून पाहतें आणि योग्य तें माप निवडतें. या जागेंत शंभर चांचण्यांची सोय असते. ज्या तबकडीच्या रंगद्रव्याशीं माप जुळत नाहीं ती तबकडी यंत्र परत करतें. पुढें संगणकासाठीं चोवीसपट, अठ्ठेचाळीसपट वेगानें लिहितां येणाऱ्या तबकड्या निघाल्या. त्यांचे थर जलद लेखनाच्या हिशेबानें केलेले होते. घरगुती यंत्र मात्र आवाजाच्या स्वाभाविक वेगानेंच लिहीत असे. त्यामुळें नवी आणि महाग तबकडी नाकारली जाई आणि जुन्या खोक्यांतील साधी तबकडी स्वीकारली जाई.

नाकारण्याचें दुसरें कारण विज्ञानांत नसून कायद्यांत होतें. डिजिटल, म्हणजे अंकरूप, ध्वनीची नक्कल मुळाबरहुकूम उतरते; तेव्हां लोक तबकड्या विकत घेणार नाहींत अशी गायनाच्या व्यापाऱ्यांना भीति वाटली. १९९२ मध्यें अमेरिकेंत ऑडिओ होम रेकॉर्डिंग ॲक्ट नांवाचा कायदा झाला. त्यानें घरगुती अंकरूप ध्वनिमुद्रकावर दोन टक्के आणि त्याच्या कोऱ्या साधनांवर तीन टक्के आकार बसविला, आणि नकलेवरून पुन्हां अंकरूप नक्कल होऊं नये अशी व्यवस्था प्रत्येक यंत्रांत असलीच पाहिजे असा दंडक घातला. आकार दिलेली तबकडी ओळखतां यावी म्हणून तिच्यावर एक सांकेतिक खूण असे. ‘संगीतासाठीं’ असा शिक्का असलेली ही तबकडी संगणकाच्या तबकडीहून महाग मिळे, आणि खूण नसलेली तबकडी घरगुती यंत्र घेत नसे. कांहीं चतुर मालक आधीं खुणेची तबकडी आंत घालून तिची ओळख पटवीत आणि मग यंत्राच्या नकळत तिच्या जागीं स्वस्त तबकडी सरकवीत. ही युक्ति कधीं साधे, कधीं यंत्राला महागांत पडे. आजीच्या ओवीवर कोणत्याही कंपनीचा हक्क नव्हता. पण यंत्राला ओवी आणि बाजारांतील गाणें यांतील भेद कळत नव्हता.

सर्वांत अधिक नुकसान झालें तें मात्र तबकडी बंद करण्याच्या वेळीं. ग्रंथाला जशी अनुक्रमणिका तशी सीडीलाही लागते. कोणतें गाणें कोठें सुरू होतें, हें तबकडीच्या आरंभीं लिहिलेलें असल्याशिवाय साधें वाजविणारें यंत्र तिला ओळखत नाहीं. परंतु लिहीत असतांना पुढें किती गाणीं येणार आहेत हें ठाऊक नसतें. म्हणून लेखनयंत्र तात्पुरती यादी एका आंतल्या जागेंत ठेवतें, आणि मालकानें ‘फायनलाइज’ असें लिहिलेली कळ दाबली कीं पक्की अनुक्रमणिका मांडतें. या कामाला दोन-तीन मिनिटें लागतात. त्या मिनिटांत वीज गेली, लेसरनें दगा दिला किंवा कोणी घाईनें कळ फिरविली, तर तासाभराचें ध्वनिमुद्रण कुलूप लागलेल्या पेटींत राहतें. पुष्कळांना तर ही कळ दाबावयाची असते हेंच ठाऊक नव्हतें. त्यांच्या तबकड्या लिहिणाऱ्या यंत्रांत सुरळीत वाजत. यंत्र बिघडून गेल्यावर त्या जगांतील दुसऱ्या कोणत्याही साध्या यंत्रांत वाजेनात. आवाज गेला, असें समजून त्या केराच्या टोपलींत गेल्या.

खरें पाहतां आवाज गेलेला नव्हता. डाग जागच्या जागीं होते, तात्पुरती यादीही होती. दुसरें लेखनयंत्र, किंवा सीडी लिहिणारा संगणक, ती यादी पुष्कळदां वाचूं शकतो आणि पक्की अनुक्रमणिका मांडून तबकडी पुरी करूं शकतो. आजही कोणाच्या घरीं अशी ‘मुकी’ तबकडी असेल तर ती फेंकण्यापूर्वीं हा उपाय करून पाहण्यासारखा आहे.

उरल्या दोन तक्रारी त्या मानानें साध्या आहेत. कॅसेटवरून भरतांना गाणें कोठें संपलें हें यंत्राला कोणी सांगत नाहीं; कांहीं सेकंद शांतता झाली कीं नवें गाणें सुरू झालें, असा तें तर्क करतें. इंग्रजी गाण्यांना हा नियम बरा लागू पडतो. पण दळतां दळतां ओवी गाणारी आजी मध्येंच थांबते, श्वास घेते, पुढची ओळ आठवते. त्या प्रत्येक थांबण्याला यंत्र नवा क्रमांक देतें. उलट जुन्या खरखरणाऱ्या तबकडीवरून भरतांना खरी शांतता कधींच होत नाहीं, आणि दहा गाण्यांचें एकच गाणें होतें. यावर उपाय इतकाच, कीं ही स्वयंचलित सोय बंद करून मालकानें स्वतः कान देऊन कळ दाबावी. मोटारींत मुकी होणारी तबकडी बहुधा पुसून पुन्हां लिहितां येणाऱ्या जातीची असते. साधी सीडी आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश परत फेंकते. ही दुसरी जात पंधरा ते पंचवीस टक्केच फेंकते, आणि जुन्या वाचनयंत्रांना तेवढा पुरत नाहीं.

येथवर यंत्राच्या दोषांचा विचार झाला. यंत्र बिघडलें तर तें निदान तसें सांगतें. तबकडी बिघडत असली तर तसें सांगत नाहीं, म्हणून खरी काळजी तिचीच. रंगद्रव्य हें अखेर रंगच आहे. उन्हांत ठेवलेलें कापड जसें विटतें तसें तेंही विटतें. आरंभींच्या तबकड्यांत वापरलेलें सायनीन नांवाचें द्रव्य प्रकाशाला विशेष हळवें होतें. थॅलोसायनीन हें द्रव्य त्याहून टिकाऊ ठरलें. चांदीच्या आरशाला हवेंतील गंधकाचा उपद्रव होतो, सोन्याला होत नाहीं. पण सोनें महाग, म्हणून पुढें चांदीच अधिक वापरांत आली. शिवाय लोक तबकडीच्या खालच्या चकचकीत बाजूला जपतात आणि वरच्या बाजूवर निर्धास्तपणें टांकानें नांव लिहितात. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. खालच्या बाजूला प्लॅस्टिकचें एक मिलिमीटरहून जाड कवच असतें. वरच्या बाजूला आरशावर लाखेचें केवळ एक पातळ आवरण असतें. वरून पडलेला ओरखडा सरळ ध्वनीलाच लागतो.

आणि हा ऱ्हास दिसत नाहीं, याचें कारण सीडीच्या रचनेंतील एक मोठा गुण आहे. तीवर अंक अशा रीतीनें विखरून आणि ताळा मेळवून लिहिलेले असतात कीं, वाटेवरील सुमारें अडीच मिलिमीटरचा तुकडा नाहींसा झाला तरी यंत्र तो हिशेबानें भरून काढतें आणि ऐकणाऱ्याला कांहींच कळत नाहीं. ग्रामोफोनची तबकडी झिजतांना कुरकुरते, कॅसेट झिजतांना आवाज दबतो; दोन्ही आपलें दुखणें सांगतात. सीडी निरोगी माणसासारखी हंसत राहते, आणि दोषांची संख्या मर्यादेबाहेर गेली कीं एके दिवशीं एकदम अडखळते. तोंवर उशीर झालेला असतो.

१९४० च्या सुमाराच्या लाखेच्या तबकड्यांचीही अखेर अशीच झाली. लाखेंत मिसळलेलें एरंडेल कालांतरानें विघटित होऊन पांढऱ्या भुकटीच्या रूपानें पृष्ठभागावर येतें, थर आकसतो, आणि खालच्या ॲल्युमिनियमला किंवा कांचेला सोडून तडकतो. ज्यांचे आवाज दुसऱ्या साधनावर वेळींच उतरून घेतले गेले तेवढेच उरले. अक्षय म्हणून घेतलेली कोणतीही तबकडी अक्षय ठरलेली नाहीं.

अमेरिकेंतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेनें २००३ मध्यें तबकड्यांच्या निगेविषयीं एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचा सारांश कोणत्याही गृहिणीला पटण्यासारखा आहे. तबकडी डबींत उभी ठेवावी; ऊन, उष्णता आणि दमट हवा यांपासून दूर ठेवावी; नांव लिहावयाचें तर मऊ टोंकाच्या, पाण्याच्या शाईच्या लेखणीनें लिहावें; वर कागद चिकटवूं नये; पुसावयाची तर मधून कडेकडे सरळ पुसावी, गोलाकार पुसूं नये. मुंबईच्या किंवा कोंकणच्या पावसाळ्यांत कपाटांतील पुस्तकांना जी काळजी लागते, तीच येथेंही लागते.

परंतु निगा ही केवळ मुदत वाढविते. ज्या घरीं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं अशा तबकड्या लिहिल्या गेल्या, त्या घरीं आज करण्याचें मुख्य काम निराळें आहे. तबकड्या एकेक करून संगणकांत घालाव्या, त्यांवरील ध्वनि संगणकाच्या फाइलींत उतरून घ्यावा, तो आरंभापासून अखेरपर्यंत एकदां ऐकावा, आणि त्याच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. एक आपल्या घरीं, एक भावाच्या किंवा बहिणीच्या घरीं. एका यंत्रांत तबकडी अडखळली तर दुसऱ्यांत घालून पाहावी. एकाला न वाचतां येणारी दुसऱ्याला वाचतां येते, असा अनुभव आहे. मूळ कॅसेट असेल तर ती टाकून देऊं नये. तबकडी झाली, आतां कॅसेट कशाला, असें म्हणून ज्यांनीं कपाट मोकळें केलें, त्यांच्यापाशीं पुढें दोन्ही उरलीं नाहींत.

त्या मराठी घरांतील यंत्र २००३ च्या सुमारास कायमचें बंद पडलें असें समजावें. ओव्यांच्या दोन तबकड्यांपैकीं एक पुरी झालेली आहे. दुसरीवर अनुक्रमणिका मांडलेली नाहीं, म्हणून ती कोठेंच वाजत नाहीं. दोन्ही खणांत पडून आहेत. नात आतां मोठी झाली आहे, आणि आजीचा आवाज तिनें ऐकलेला नाहीं. तो आवाज अद्याप त्या रंगाच्या थरांत असण्याचा संभव पुष्कळ आहे. मात्र प्रत्येक उन्हाळ्याबरोबर तो संभव थोडा थोडा कमी होत आहे. म्हणून खण उघडण्याचें काम पुढच्या दिवाळीवर न टाकतां याच आठवड्यांत करावें हें बरें.